दुसरे बाक

28 सप्टेंबर 1959 रोजी पश्चिम बर्लिनमधील शिलर थिएटरच्या 'वेर्कश्टाट' या लहान रंगमंचावर सॅम्युएल बेकेटच्या 'क्रॅप्स लास्ट टेप'च्या जोडीने एका अपरिचित अमेरिकन लेखकाची एकांकिका जर्मन भाषांतरात सादर झाली. लेखक होता एडवर्ड ऑल्बी आणि एकांकिका होती 'द झू स्टोरी'. नाटक घडते न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये. त्यातील बोलणे न्यूयॉर्कच्या रस्त्यांच्या नावांनी भरलेले आहे. आणि तरीही ते न्यूयॉर्कच्या आधी बर्लिनमध्ये, इंग्रजीच्या आधी जर्मनमध्ये उभे राहिले. न्यूयॉर्कमधील निर्मात्यांनी संहितेत रस दाखवला नव्हता. विल्यम फ्लॅनगन या संगीतकार मित्राने ती इटलीत राहणाऱ्या डेव्हिड डायमंड या दुसऱ्या अमेरिकन संगीतकाराकडे पाठवली. तेथून ती पिंकास ब्राउन या स्विस नटाच्या हाती गेली. ब्राउनने नाटकातील दोन्ही भूमिका स्वतःच्याच आवाजात वाचून ध्वनिफीत तयार केली आणि ती फ्रँकफुर्टच्या फिशर प्रकाशनसंस्थेतील नाट्यविभागाकडे धाडली. फ्रँकफुर्टहून नाटक बर्लिनला पोहोचले. आपल्याच गावातील दोन माणसांची गोष्ट गावात ऐकवण्यासाठी लेखकाला अर्धे युरोप पालथे घालावे लागले, असे म्हणण्यास हरकत नाही.

नाटकाचा सांगाडा अगदी साधा आहे. उन्हाळ्यातील रविवारची दुपार. बागेत दोन बाके. एका बाकावर पीटर पुस्तक वाचीत बसला आहे. वय चाळिशीच्या पुढे, अंगात ट्वीडचे कपडे, तोंडात पाइप, डोळ्यांवर जाड चौकटीचा चष्मा. पाठ्यपुस्तके छापणाऱ्या एका लहान प्रकाशनसंस्थेत तो अधिकारी आहे. तेथे जेरी येतो. त्याची चाळिशी अद्याप उलटलेली नाही, पण शरीर सैलावले आहे आणि चेहऱ्यावर थकवा आहे. आपण प्राणिसंग्रहालयात जाऊन आलो, असे तो जाहीर करतो. पीटरचे लक्ष जात नाही, तेव्हा तो तेच अधिक मोठ्याने सांगतो. मग तासाभराचे बोलणे. त्यातला फार मोठा भाग एकट्या जेरीचा. शेवटी बाकाच्या मालकीवरून भांडण, एक सुरी आणि एक मृत्यू.

हा मृत्यूच या नाटकाच्या आकलनावर गेली साठ-पासष्ट वर्षे सावली धरून बसला आहे. अभ्यासक्रमांतून हे नाटक शिकवले जाते ते 'आधुनिक माणसाचे एकाकीपण', 'संवादाची अशक्यता' अशा मथळ्यांखाली. पीटर आणि जेरी या नावांत बायबलमधील संदर्भ शोधले जातात. जेरीच्या मरणात आत्मबलिदान पाहिले जाते. यातले काही खोटे आहे असे मला म्हणायचे नाही. परंतु या वाचनात एक साधी गोष्ट हरवते. शेवटची काही मिनिटे वगळली तर 'द झू स्टोरी' हे विनोदी नाटक आहे, आणि त्याचा विनोद वरवर लावलेला मुलामा नसून त्याची बांधणीच विनोदी जोडगोळीच्या जुन्या, बाजारी, करमणुकीच्या परंपरेतून आलेली आहे. ही परंपरा लेखकाच्या घराण्यात होती. आणि तीही अशा रीतीने, की तो योगायोग एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर आपण त्याला हसलो असतो.

ऑल्बीचा जन्म 12 मार्च 1928चा. जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्याला रीड ऑल्बी या श्रीमंत गृहस्थाने दत्तक घेतले. हे रीड म्हणजे एडवर्ड फ्रँकलिन ऑल्बी यांचे चिरंजीव. नातवाला नाव मिळाले ते या आजोबांचे. बी. एफ. कीथ आणि हे थोरले ऑल्बी यांनी मिळून अमेरिकेतील व्होडव्हिल नाट्यगृहांची एक अवाढव्य साखळी उभी केली होती. व्होडव्हिल म्हणजे गायक, कसरतपटू, जादूगार, शिकवलेली कुत्री आणि विनोदी जोड्या यांची एकापाठोपाठ होणारी दहा-पंधरा मिनिटांची सादरीकरणे. तिकीट स्वस्त, प्रेक्षक सर्व थरांतले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन शहरांतील करमणुकीचा हा सर्वांत मोठा धंदा होता, आणि त्या धंद्याच्या नाड्या ज्या थोड्या लोकांच्या हाती होत्या त्यांत थोरले ऑल्बी अग्रभागी होते. नटांची संघटना त्यांनी मोडली आणि तिच्या जागी मालकांच्या सोयीची संघटना उभी केली. रंगमंचावर काय बोलावे, काय बोलू नये याची सक्त नियमावली त्यांच्या नाट्यगृहांत लावलेली असे. अगदी सौम्य शिवीही चालत नसे, आणि नियम मोडणाऱ्याला पुढे काम मिळण्याची शाश्वती नसे. त्यांच्याच नावाच्या नातवाने पुढे आपल्या पहिल्या नाटकात अश्लील चित्रांचे पत्ते बाळगणारा नायक रंगमंचावर आणावा, यातील गंमत सांगण्याची आवश्यकता नाही.

व्होडव्हिलमधील विनोदी जोडी कशी काम करीत असे ते येथे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे. एक 'सरळ' माणूस. नीटनेटका, शहाणा, प्रतिष्ठित. दुसरा वेडाविद्रा, अघळपघळ. सरळ माणूस प्रश्न विचारतो, अर्थ लावू पाहतो, वैतागतो. दुसरा अर्थाला दरवेळी भलतीकडेच नेऊन ठेवतो. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडवरील ज्यू वस्तीत वाढलेले जो वेबर आणि ल्यू फील्ड्स हे या प्रकारातले आद्य कीर्तिमान. नव्याने आलेल्या स्थलांतरिताच्या मोडक्यातोडक्या, जर्मन वळणाच्या इंग्रजीतून त्यांनी हशा पिकवला आणि बोलण्याची परिणती मारामारीत व्हायची हा परिपाठ घालून दिला. अशा जोड्यांना नेपथ्य लागत नसे. पुष्कळदा त्यांचे काम पुढच्या पडद्यासमोरच्या अरुंद पट्टीत होई, कारण त्या वेळेत पडद्यामागे पुढच्या सादरीकरणाची मांडामांड चालू असे. शहरातील दोन माणसे, अरुंद जागा, थोडा वेळ आणि न संपणारे बोलणे, हा नाट्यप्रकार कोणा प्रायोगिक लेखकाच्या टेबलावर जन्मला नाही. तो धंद्याच्या सोयीतून जन्मला.

मराठी वाचकाला यात बतावणीची आठवण होणे स्वाभाविक आहे. तमाशात गण आणि गौळण झाल्यावर, वग सुरू होण्याच्या आधी बतावणी येते. तीही बहुतांशी अशीच: एक विचारणारा आणि एक थापा ठोकणारा. तिलाही नेपथ्य नको, कथानक नको. नटाची जीभ आणि समोरचा प्रेक्षक एवढ्यावर भागते. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध घातले आणि संहिता आधी तपासून घेण्याची पद्धत आणली, तेव्हा सर्वांत अडचण झाली असणार ती ऐनवेळी सुचणाऱ्या या बतावणीची. मात्र साम्य फार ताणू नये. बतावणीतील दोघे एकमेकांना ओळखतात. ते एका फडाचे, एका गावकीचे असतात आणि त्यांची थट्टा या ओळखीवर पोसलेली असते. व्होडव्हिलच्या जोडीतही मैत्रीचा धागा गृहीत असे. ऑल्बीने केलेला बदल नेमका येथे आहे. त्याने जोडी ठेवली, ओळख काढून घेतली.

पण त्याच्या आधी बेकेट आहे, हे विसरून चालणार नाही. 'वेटिंग फॉर गोदो' पॅरिसच्या थिआत्र द बाबिलोनमध्ये 5 जानेवारी 1953 रोजी प्रथम झाले, आणि व्लादिमीर-एस्त्रागॉन ही जोडी म्युझिक हॉल आणि मूकपटांतील विदूषकांची वारसदार आहे हे लवकरच सर्वांच्या ध्यानी आले. अमेरिकेत हे नाटक जानेवारी 1956 मध्ये मायामीजवळ कोकोनट ग्रोव्ह येथे उभे राहिले. एस्त्रागॉन झाला होता बर्ट लार. हा बर्लेस्क आणि व्होडव्हिलमध्ये तयार झालेला नट. जाहिरातीत हे नाटक दोन खंडांना हसवणारे म्हणून विकले गेले, आणि हलकीफुलकी करमणूक पाहायला आलेले सुटीतील प्रेक्षक मध्येच उठून गेले. हा प्रसंग नेहमी प्रेक्षकांच्या अडाणीपणाचा दाखला म्हणून सांगितला जातो. मला तो थोडा वेगळा वाटतो. जाहिरात पूर्णपणे खोटी नव्हती. तिने रूप बरोबर ओळखले होते, पण त्या रूपात काय भरले आहे याविषयी प्रेक्षकांना सावध केले नव्हते. या प्रयोगाचा दिग्दर्शक होता ॲलन श्नायडर. चार वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये 'द झू स्टोरी'च्या जोडीने 'क्रॅप्स लास्ट टेप' झाले, त्याचे दिग्दर्शन त्यानेच केले.

'द झू स्टोरी' लिहिली गेली 1958च्या आरंभी, न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागात. दत्तक घराशी बिनसून ऑल्बी तेथे येऊन राहिला त्याला तेव्हा सुमारे दहा वर्षे झाली होती. मिळतील ती कामे तो करी. त्यांत वेस्टर्न युनियनच्या तारा घरोघर पोहोचवण्याचे काम होते. तारवाल्याला शहराचे जे दर्शन घडते ते दुसऱ्या कोणाला क्वचितच घडत असेल. तो प्रत्येक दारापर्यंत जातो आणि कोणत्याही दाराच्या आत जात नाही. जेरीच्या मालमत्तेत वेस्टर्न युनियनचा एक जुना टंकयंत्राचा सांगाडा आहे, ज्यातून फक्त मोठी अक्षरे उमटतात. लेखकाने आपली खूण नाटकात सोडली आहे ती एवढीच.

आता शहराकडे वळू. सेंट्रल पार्क हे 843 एकरांचे उद्यान मॅनहॅटन बेटाच्या मध्यावर लांबट आयतासारखे पसरलेले आहे. 1858 मध्ये ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांचा आराखडा स्वीकारला गेला तेव्हा सर्व थरांतील नागरिकांनी एकत्र यावे अशी त्यामागे कल्पना होती. प्रत्यक्षात उद्यानाच्या पूर्वेला एक शहर वाढले आणि पश्चिमेला दुसरे. पीटर राहतो पूर्वेला, 74व्या रस्त्यावर, लेक्सिंग्टन आणि थर्ड ॲव्हेन्यूंच्या दरम्यान. घरी पत्नी, दोन मुली, दोन मांजरी, दोन पोपट आणि दोन दूरदर्शन संच. वार्षिक प्राप्ती सुमारे 18,000 डॉलर. त्या काळी मध्यम अमेरिकन कुटुंबाची प्राप्ती वर्षाला 5,000 डॉलरच्या आसपास होती. जेरी राहतो पश्चिमेला, चार मजली तपकिरी दगडी घराच्या वरच्या मजल्यावर मागच्या बाजूस. अशी घरे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुखवस्तू कुटुंबांसाठी बांधली गेली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांतल्या अनेकांचे तुकडे पडून भाड्याच्या खोल्या झाल्या आणि त्यांत पोर्तो रिकोहून आलेली कुटुंबे, एकटे पुरुष, निराधार वृद्धा असे मिळेल ते भाडेकरू राहू लागले. जेरीची खोली आणि शेजारची खोली यांच्यामध्ये भिंत नाही, पातळ फळीचा पडदा आहे. पलीकडे कोण राहते, काय करते हे त्याला ठाऊक आहे. तिसऱ्या मजल्यावरील एक बाई दार बंद करून सारखी रडत असते हेही ठाऊक आहे. परंतु ती कोण हे त्याला माहीत नाही. आपल्या चाळीशी या घराची तुलना करण्याचा मोह होतो. पण चाळीत रडणाऱ्या बाईचे कारण सकाळच्या नळावर सर्वांना कळलेले असते. जेरीच्या घरात भिंती चाळीपेक्षा पातळ आहेत आणि नळ मात्र सामाईक नाही.

या भूगोलातला विनोद ऑल्बीने अचूक टिपला आहे. जेरीचे घर उद्यानापासून अगदी जवळ. प्राणिसंग्रहालय उद्यानाच्या पूर्व कडेला, फिफ्थ ॲव्हेन्यूवर 64व्या रस्त्याजवळ. तेथे जाण्यासाठी तो काय करतो? भुयारी रेल्वेने शहराच्या दक्षिणेकडे जातो आणि मग सारा फिफ्थ ॲव्हेन्यू तुडवीत परत उत्तरेकडे चालत येतो. शेजारी पोहोचण्यासाठी तीनेक मैलांचा फेरा! पीटरला हे कळत नाही. शहाण्या माणसाला ते कळूही नये. मुद्दा असा की पूर्वेच्या शहरात शिरण्याचा जेरीला माहीत असलेला मार्ग एवढाच आहे.

नाटकाच्या मध्यभागी जेरी आपली आणि घरमालकिणीच्या कुत्र्याची गोष्ट सांगतो. आधी तो तिचे शीर्षक जाहीर करतो, एखादा भव्य जाहिरातफलक वाचावा तसे. व्होडव्हिलच्या रंगमंचाच्या कडेला पुढील सादरीकरणाची पाटी तिवईवर लावण्याची प्रथा होती. येथे नटच पाटी होतो. हे काळे, ओंगळ कुत्रे जेरी घरात शिरताना दरवेळी त्याच्यावर धावून जाते; बाहेर जाताना मात्र कधीच नाही. तेव्हा जेरी ठरवतो की आधी त्याला प्रेमाने मारून पाहायचे आणि ते न जमले तर नुसतेच मारायचे. तो हॅम्बर्गर विकत घेतो, पाव नको म्हणतो. दुकानदाराला वाटते मांजरासाठी हवे असेल. जेरी खुलासा करीत नाही. नको तितक्या मोठ्या आणि नको तितक्या औपचारिक आवाजात होकार देतो. विक्रेत्याशी झालेली ही लहानशी लबाडी मला संपूर्ण गोष्टीचा गाभा वाटते. शहरात खरे सांगणे वेळखाऊ असते. कुत्रे मांस खाते आणि पुन्हा अंगावर येते. असे अनेक दिवस. मग विष. कुत्रे आजारी पडते, बरे होते, आणि त्यानंतर दोघांमध्ये काहीच उरत नाही. ना प्रेम ना वैर, केवळ एकमेकांना टाळून जाण्याचा समजूतदारपणा. ही गोष्ट चांगला नट सांगतो तेव्हा प्रेक्षागृह बराच वेळ हसत असते, आणि हसणे नेमके कोठे थांबले हे नंतर कोणालाही सांगता येत नाही.

येथे भाषांतराचा प्रश्न उभा राहतो, आणि मराठीत विचार करणाऱ्याला तो टाळता येत नाही. पीटर आणि जेरी इंग्रजीत एकमेकांना एकच सर्वनाम वापरतात. जर्मन भाषांतरकाराची गोष्ट निराळी होती. जर्मनमध्ये अपरिचितासाठी 'झी' आणि जवळच्यासाठी 'दू', म्हणजे आपल्या 'तुम्ही' आणि 'तू'सारखी निवड करावीच लागते. या नाटकाने पहिल्यांदा प्रेक्षक पाहिला तो अशा निवडीची सक्ती करणाऱ्या भाषेत, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मराठीत सक्ती आणखी वाढते. जेरीने पीटरला हाक मारायची तरी काय? मूळात 'मिस्टर' अशी हाक आहे. आपल्या शहरांत अनोळखी माणसाला आपण क्षणात नातेवाईक करून टाकतो. बाकावर सरकून जागा मागायची तर 'काका, जरा सरकता का?' आपल्यापेक्षा लहान असेल तर 'दादा', कामगार दिसला तर 'मामा', टाय लावलेला असेल तर 'साहेब'. ज्याच्याशी काही नाते नाही अशा माणसाला नाते न जोडता हाक मारण्याची सोय मराठीत फार थोडी आहे. 'अहो' आहे, पण त्याला आपला वेगळा संसार आहे. 'अहो मिस्टर' म्हणावे तर त्यात लगेच खोचक सूर येतो. जेरीचा पीटरशी असलेला संबंध नेमका या पोकळीतला आहे. आणि ती पोकळी दाखवायला मराठीत शब्द सापडत नाही, हा भाषांतरकाराचा दोष नव्हे. भाषेच्या मागे उभा असलेला समाज अजून तेथे पूर्णपणे पोहोचलेला नाही, इतकेच.

दुसरी अडचण याहून मजेदार आहे. जेरी पीटरला काय विचारतो? लग्न झाले आहे का, मुले किती, मुलगा का नाही, राहता कोठे, करता काय, मिळवता किती. न्यूयॉर्कमध्ये हे प्रश्न म्हणजे आक्रमण. 1960च्या प्रेक्षकाचे हसू या आक्रमणावरचे होते; पीटरने चोरांबद्दलचा एक ओढूनताणून केलेला विनोद पुढे करून खिशात आपण चाळीस डॉलरांहून जास्त बाळगत नाही असे सांगणे, हा त्या भीतीचाच भाग. पण हेच प्रश्न एस. टी.च्या गाडीत शेजारच्या प्रवाशाने विचारले तर आपण त्याला भला माणूस म्हणतो. गाव कोणते, पोरेबाळे किती, पगारात भागते का, हे न विचारणाराच शिष्ट ठरतो. अशा प्रेक्षकासमोर पूर्वार्धातील विनोद सहजच उलटा फिरतो: जेरी सरळ माणूस वाटू लागतो आणि चोरून उत्तर देणारा पीटर विक्षिप्त. विचारण्याचा हक्क आणि न सांगण्याचा हक्क यांच्यातील सीमारेषा प्रत्येक शहरात वेगळ्या ठिकाणी असते, आणि एकाच शहरातही ती दर पिढीला सरकते. दारावरच्या पाटीला नाव नाही, उद्वाहनात शेजाऱ्याकडे न पाहता मजल्याचा आकडा पाहायचा, अशा इमारतींत वाढलेल्या आजच्या मुंबई-पुण्यातील प्रेक्षकाला पीटर विक्षिप्त वाटणार नाही. म्हणजे हे नाटक मराठीत पूर्वी जेथे हसले गेले नसते तेथे आता हसले जाईल. याला नाटकाचे यश म्हणावे की आणखी काही, हे मी ठरवू शकलेलो नाही.

उत्तरार्धात हसू शब्दांतून शरीरात उतरते. पीटर घरी जायला निघतो तेव्हा जेरी त्याला गुदगुल्या करतो. चाळिशी ओलांडलेला हा सभ्य गृहस्थ खिदळू लागतो, आणि हसण्याच्या भरात घरी पोपट स्वयंपाक करीत असतील, मांजरी पाने मांडत असतील असे असंबद्ध बोलू लागतो. साऱ्या नाटकात त्याने केलेली एकुलती एक कल्पनेची भरारी ही. लगेच जेरी त्याला बाकावरून ढकलू लागतो. आधी थोडे, मग जोरात. बाक मला हवे, तू पलीकडे जा. पलीकडे दुसरे बाक आहे. पडदा उघडल्यापासून ते रिकामे आहे. पीटर सहज उठून तेथे बसू शकला असता. परंतु इतकी वर्षे आपण याच बाकावर बसतो असे त्याला आठवते, आपल्या जबाबदारीच्या पदाची आठवण होते, पोलिसाला हाक मारावीशी वाटते आणि बघता बघता बाक हा अब्रूचा प्रश्न होतो. वेबर आणि फील्ड्स यांच्या बोलण्याची परिणती मारामारीत होत असे, हे वर आलेच आहे. येथे जेरी सुरी काढतो, ती पीटरच्या पायाशी टाकतो, त्याला ती उचलायला भाग पाडतो आणि स्वतः त्या पात्यावर झेपावतो. जोडगोळीच्या खेळात ठोसा खोटा असतो हा सर्वांत जुना करार आहे. तो येथे मोडला जातो.

न्यूयॉर्कमध्ये नाटक आले ते 14 जानेवारी 1960 रोजी, ग्रीनिच व्हिलेजमधील प्रॉव्हिन्सटाउन प्लेहाउसमध्ये. या नाट्यगृहाच्या नावाशी यूजीन ओनीलच्या आरंभीच्या नाटकांची स्मृती जोडलेली आहे. दिग्दर्शन मिल्टन कात्सेलासचे, जेरी झाला होता जॉर्ज महारिस आणि पीटर विल्यम डॅनियल्स. 582 प्रयोग झाले. ब्रॉडवेबाहेरच्या एका लहान नाट्यगृहात, दोन एकांकिकांच्या कार्यक्रमाला मिळालेले हे यश असामान्य होते. 1961 मध्ये मार्टिन एस्लिनचा ॲब्सर्ड नाट्यावरील ग्रंथ आला आणि त्यात ऑल्बीचा समावेश झाला. लेखकाला यामुळे मान मिळाला, नाटकाचे मात्र थोडे नुकसान झाले असे माझे मत आहे. ॲब्सर्ड हे लेबल लागल्यावर पीटरची 18,000 डॉलर प्राप्ती, पश्चिमेकडील घराचे फळीचे पडदे, भुयारी रेल्वेचा फेरा हे तपशील दुय्यम ठरले आणि 'माणूस' नावाची एक अमूर्त वस्तू पुढे आली. वास्तविक 'द झू स्टोरी'तील विसंगती विश्वाची नसून एका शहराच्या दोन बाजूंची आहे. मराठीत 'महानिर्वाण'च्या (1974) वाट्याला काही काळ असेच आले होते. सतीश आळेकरांनी पुण्यातील चाळीतला मृत्यू कीर्तनाच्या ठेक्यावर उभा केला. चर्चा पुष्कळदा ॲब्सर्डची झाली. जुना लोकप्रिय रंगप्रकार घेऊन त्यात आजचे शहर बसवणे ही कृती दोन्हीकडे एकच आहे. फरक इतका की आळेकरांच्या प्रेक्षकाला कीर्तन ओळखू येत होते, ऑल्बीच्या प्रेक्षकाला व्होडव्हिल विसरायला होऊन तीस वर्षे लोटली होती.

पुढे बऱ्याच काळाने ऑल्बीने स्वतःच या नाटकाला हात लावला. पीटर आपल्याकडून पुरेसा रंगवला गेला नाही असे त्याला वाटत राहिले होते. 2004 मध्ये हार्टफर्ड येथे 'होमलाइफ' हा नवा भाग सादर झाला. त्यात बागेत जाण्यापूर्वीचा पीटर आणि त्याची पत्नी ॲन यांचे बोलणे आहे. दोन्ही भाग मिळून पुढे 'ॲट होम ॲट द झू' हे नाटक झाले आणि व्यावसायिक संस्थांनी जुनी एकांकिका एकटी करू नये असे लेखकाने ठरवून टाकले. 16 सप्टेंबर 2016 रोजी त्याचे निधन झाले. नव्या भागातही रंगमंचावर दोनच माणसे असतात, हे पाहण्यासारखे आहे. तिसरे माणूस आणायचे ते पहिल्या भागात आणि दुसऱ्या भागात वेगवेगळे, असा नियम जणू त्याने पाळला. 'होमलाइफ' चांगले लिहिलेले आहे. परंतु लेखकाविषयी आदर राखूनही मला असे म्हणावेसे वाटते की पीटर अपुरा होता म्हणूनच नीट होता. जोडीतील सरळ माणसाला पूर्वेतिहास नसतो. त्याचे घर, त्याचे दुःख आपल्याला आधीच कळले तर जेरीचे प्रश्न बोचत नाहीत, कारण उत्तरे आपल्यापाशी अगोदरच असतात. प्रेक्षकाला पीटर माहीत नसणे आणि जेरीला पीटर माहीत नसणे या दोन गोष्टी जुन्या एकांकिकेत एकाच वेळी घडतात. हसू आणि भीती दोन्ही त्यातून येतात.

मराठीत हे नाटक करू पाहणाऱ्या तरुण नटांसाठी आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. शेवटी जेरी मरत असताना हातरुमालाने सुरीची मूठ पुसतो, पीटरच्या बोटांचे ठसे राहू नयेत म्हणून. मग लवकर निघून जा असे त्याला सांगतो, आणि तो निघाला असता पुस्तक विसरलास म्हणून परत बोलावतो. हा क्षण बहुधा गंभीरपणे केला जातो. तो घाईचा क्षण आहे, गाडी सुटताना खिडकीतून डबा देणाऱ्या माणसाच्या घाईचा. साऱ्या नाटकात जेरीने पीटरची पहिली व्यावहारिक काळजी घेतली आहे ती येथे, आणि येथेच भाषांतरकाराने 'तुम्ही' सोडून 'तू'वर यावे असे मला वाटते. त्याआधी बाकाच्या भांडणात येणारा एकेरी उच्चार निराळा, तो तुच्छतेचा. पीटर परत येतो, पुस्तक उचलतो आणि घराकडे धावतो. दुसरे बाक तेव्हाही रिकामेच असते.